लकवा: फिजिओ येतो, हात-पाय हलवून जातो... याने ताकद येते का खरंच?

मानेवाडा_बेसा | 9 जुलै, रात्री 11:42

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांना (वय 67, बीपी होतं, गोळी मनात आलं तर घ्यायचे) 24 मे ला स्ट्रोक आला. सकाळी कूलरमध्ये पाणी भरत होते, पाईप हातातून गळून पडला, तोंड जरा वाकडं झालं. आणि आम्हाला वाटलं ऊन लागलं. मे महिन्यातलं नागपूर, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. आईनं कैरीचं पन्हं पाजलं, तेही घशात अडकून ठसका लागला, मग तळपायाला कांदा चोळला, कूलरसमोर झोपवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत पाच तास उलटून गेले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे तिथे गेल्यावर कळलं. त्याबद्दल बोलायला नको, रोज रात्री तेच आठवतं.

असो. डावी बाजू गेलीय. बोलणं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अकरा दिवस ॲडमिट होते, आता घरी आहेत. एक फिजिओ मुलगा आठवड्यातून सहा दिवस येतो, 40 मिनिटं, 500 रुपये व्हिजिट. तो काय करतो तर बाबांचा हात उचलतो, खाली ठेवतो, कोपर वाकवतो, बोटं उघडतो, पाय वाकवतो, प्रत्येक दहा दहा वेळा. पॅसिव्ह मूव्हमेंट म्हणतात म्हणे. बाबा तेवढा वेळ टीव्ही बघत पडलेले असतात. पायात थोडी जान आली आहे, गुडघा गादीवर दाबतात. हात झिरो. फक्त गेल्या दहा दिवसांत मूठ घट्ट व्हायला लागलीय, उघडायला जोर लागतो, आत्या म्हणते ताकद येतेय.

प्रश्न असे की दुसऱ्यानं हलवून ताकद येते का? आणि येत असेल तर तेच मी बुटीबोरीहून ड्यूटी संपवून आल्यावर केलं तर चालेल का, कारण महिन्याचे 13 हजार आता जड जाताहेत. आणि मालिश करावी का?

ता.क. बाबा हल्ली फार चिडचिड करतात. जेवताना रोज म्हणतात तुम्ही मला चटणी-लिंबू वाढतच नाही, आजारी माणसाला आळणी खाऊ घालता. चटणी समोर ताटात असते!

सक्करदरा_एक्सप्रेस | 10 जुलै, सकाळी 8:05

भाऊ टेन्शन नको घेऊ बाप्पा. आमच्या मामाले 2016 मधी लकवा मारला तं गावातला मालिशवाला रोज यायचा, सरसोच्या तेलात लसूण कढवून दीड दीड तास रगडून काढे, चार महिन्यात मामा सायकल चालवून राहिला. फिजिओवाले काय करते, दहा डाव वर दहा डाव खाली, ते तं तूबी करशीन. 13 हजार कायले घालवतं? एक जण तं कबुतराचं रक्त लावा म्हणून आला होता, मामीनं त्याले चहा न पाजता हाकललं.

शंकेखोर | 10 जुलै, सकाळी 9:31

मामा मालिशने चालायला लागले की चार महिने गेल्याने? पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकांमध्ये आपोआप पण बरीच सुधारणा होते, त्या काळात तुम्ही लसूण लावा नाहीतर शेवया, श्रेय त्यालाच जाणार.

धागाकर्ता, सरळ उत्तर: नाही. पॅसिव्हने ताकद येत नाही. उलट आखडू नये म्हणून जे ताणणं असतं त्यावरचा 2017 चा कॉक्रेन आढावा (बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र तपासून काढलेला) वाचा, मेंदूच्या आजारांत नुसत्या स्ट्रेचिंगने सांध्याच्या हालचालीत सांगण्यासारखा फरक पडत नाही असं निघालं. म्हणजे 13 हजार पाण्यात.

फिजिओताई | 10 जुलै, दुपारी 2:48

ओपीडी संपवून लिहितेय, लांब होईल.

शंकेखोर, पाण्यात वगैरे लगेच नको. तो आढावा मीही वाचलाय, तो आखडणं घालवायला नुसतं ताणणं कितपत पुरतं याबद्दल आहे. त्यावरून हात तसाच पोटावर सोडून द्या असा अर्थ काढायचा नसतो. पण मूळ मुद्दा तुमचा बरोबर आहे, दुसऱ्यानं हलवून ताकद येत नाही.

मानेवाडा, तुमच्या बाबांच्या हाताचे स्नायू आजारी नाहीत. मेंदूच्या उजव्या बाजूचा भाग गेला म्हणून डाव्या हाताला हुकूम पोचत नाही. घरातला कूलर चांगलाय, कॉलनीची डीपी जळालीय असं समजा. कूलर हिवाळाभर पडून राहिला की पंखा जाम होतो की नाही? म्हणून आपण अधूनमधून हातानं पातं फिरवतो. पॅसिव्ह मूव्हमेंट म्हणजे ते पातं फिरवणं. सांधा जाम होत नाही, स्नायू आखूड व्हायला वेळ लागतो, त्या हाताकडून मेंदूला काहीतरी खबर जात राहते. लाईट आल्यावर पंखा फिरायला तयार पाहिजे ना, तेवढ्यासाठी. पातं फिरवून लाईट येत नाही.

फरक एवढाच की डीपी महावितरणवाले येऊन दुरुस्त करतात, मेंदूत शेजारच्या लाईनवरून जोडणी होते, आणि ती कुणी मागितली तरच होते. मागणारा माणूस म्हणजे बाबा. ते टीव्ही बघत असतील तर मागणीच नाही. म्हणून पहिलं काम, व्यायामाच्या वेळी टीव्ही बंद.

आता मूठ. आत्यांना सांगा ही ताकद नाही. स्ट्रोकनंतर आधी हात लोळागोळा असतो, मग काही आठवड्यांत ताठरपणा यायला लागतो, आम्ही स्पॅस्टिसिटी म्हणतो. मूठ, कोपर, मनगट आतल्या बाजूला ओढलं जातं. ताकद म्हणजे त्यांनी ठरवलं तेव्हा मूठ बंद झाली आणि ठरवलं तेव्हा उघडली. उघडणं महत्त्वाचं! अजून एक, कोणीतरी स्माईली बॉल आणून देईलच दाबायला, अर्ध्या नागपुरात तोच दिलेला असतो. ज्याची मूठ आधीच आवळलीय त्याला आणखी आवळायची प्रॅक्टिस कशाला? ठेवा तो नातवंडांना खेळायला.

तुम्ही स्वतः करू शकता का, हो, शिकून घेतलं तर नक्की. दिवसातून दोनदा, हळू, दुखेल तिथे थांबायचं, धसमुसळेपणा अजिबात नाही. खांदा सोडून बाकी सोपं आहे. बोटं उघडताना आधी मनगट किंचित खाली वाकवा आणि अंगठा बाहेर काढा, बोटं मागोमाग सैल पडतात. एकेक बोट ओढत बसू नका. पायाला टाच तळहातात धरायची आणि आपल्या मनगटापुढच्या भागाने तळवा वर दाबायचा, नाहीतर घोटा खाली लोंबकळत आखडतो आणि पुढे चालताना पाऊल घासतं. खांद्याचं मात्र नीट ऐका. दंड खांद्याच्या उंचीच्या वर न्यायचा नाही, तुमच्या फिजिओने पाठीवरचं फरं हातात धरून दाखवल्याशिवाय तर नाहीच. बाबांना उठवताना डाव्या हाताला धरून कधी म्हणजे कधीच ओढायचं नाही, काखेतही हात घालायचा नाही. लोळागोळा हाताचा खांदा स्वतःच्या वजनानेच खोबणीतून खाली सरकतो, बसताना खाली उशी पाहिजे.

मालिश. हलक्या हातानं तेल लावायला माझी हरकत नाही, माणसाला बरं वाटतं, पण दीड तास रगडणं नको आणि पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर हातही लावू नका, आधी डॉक्टर. पडून राहणाऱ्या पायात गुठळी होते, ती रगडून फुप्फुसात गेली की खेळ खलास.

आणि आता ते चटणीचं. ते वाचून मी जेवता जेवता थांबले. चटणी, लिंबू, मीठ ताटात कुठे वाढता? डावीकडे ना?

मानेवाडा_बेसा | 10 जुलै, रात्री 10:20

हो. डावीकडेच वाढतात की. भाजी उजवीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे.

अंगावर काटा आला ताई. आत्ता जेवताना ताट अर्धं फिरवून बघितलं. बाबा म्हणाले, "आज आठवण झाली वाटतं चटणीची." आणि मग भाजी वाढली नाही म्हणून ओरडले.

फिजिओताई | 10 जुलै, रात्री 10:57

हेच ते. नजर चांगली आहे, पण मेंदू डावीकडच्या जगाची दखलच घेत नाही. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये बऱ्याच जणांना होतं. दाढी उजव्या गालाचीच करतात, दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. आता विचार करा, ज्या हाताची मेंदूला दखलच नाही तो हात कुणीतरी 40 मिनिटं हलवतंय आणि नजर टीव्हीवर. कसं काय येणार?

ताट पुन्हा सरळ करा. फिरवू नका. चटणी डावीकडेच ठेवा आणि शोधायला लावा. पलंग असा लावा की घरातली येजा डाव्या बाजूने होईल, बोलायचं डावीकडे उभं राहून. आणि पॅसिव्ह करताना प्रत्येक वेळी: "बाबा, हाताकडे बघा. मी उचलतोय, तुम्ही पण उचला. आता इथे धरून ठेवा. मी थोडा सोडतोय..." नाही धरता येणार, पडेल, तुमचा हात खाली असू द्या. पण तो जो अर्धा सेकंद ते प्रयत्न करतात, ताकदीचा व्यायाम तेवढाच, बाकी साडेएकोणचाळीस मिनिटं पातं फिरवणं.

डाव्या_हातानं | 11 जुलै, पहाटे 5:15

मी 2019 चा पेशंट. ऊजवी बाजू. डाव्या हाताने टाईप करतो म्हणून चुका होतात, जोडाक्षर जमत नाहीत समजुन घ्या.

पेशंट च्या बाजूने सांगतो. माझा हात कोणी हलवायचा तेव्हा मला तो माझा वाटायचाच नाही. बसमध्ये शेजार च्या माणसाची बॅग आपल्या मांडीवर असते तसं. मी बाहेर भाजीवाला काय भाव सांगतो ते ऐकत पडून असायचो. दोन महिने.

मग मेडिकल ला म्हणजे सरकारी दवाखान्यात गेलो फिजिओ डिपार्टमेंट ला. तिथे कॉलेज पण आहे, शिकणारी मुलं असतात. एका पोरीने हात टेबलावर ठेवला, खाली टाल्कम पावडर टाकली आणि म्हणाली काका मी नाही हलवणार, तूम्ही सरकवा. मी म्हटलं होत नाही. ती म्हणाली माहीत आहे, तरी सरकवा. वीस मिनिट. हात हालला नाही पण बनियन घामाने ओलं. आयुष्यात एवढी मेहनत केली नव्हती, मी पोस्टात होतो.

नवव्या का दहाव्या दिवशी दोन बोट सरकला.

विदर्भकन्या | 11 जुलै, सकाळी 10:12

डाव्या_हातानं काका, सुंदर लिहिलंत, जोडाक्षरं गेली खड्ड्यात.

खांद्याबद्दल माझं पण ऐका कारण आमच्याकडे ते घडलंय. आईला (धरमपेठ, मी पुण्यात) स्ट्रोक झाला तेव्हा एका घरी येणाऱ्याने दाराला पुली लावून दिली, चांगल्या हातानं दोरी ओढायची की आजारी हात वर जातो. आम्हाला वाटलं व्वा स्वतः करतेय, व्हिडिओ कॉलवर मी टाळ्या वाजवायचे. तीन आठवड्यांत खांदा इतका दुखायला लागला की हाताला ब्लाऊजची बाही घालू देईना. नंतर कळलं की स्ट्रोकच्या खांद्याला पुली नको हे अमेरिकेच्या 2016 च्या गाईडलाईनमध्ये स्पष्ट लिहिलंय. दुखण्यामुळे पुढचे दोन महिने हाताचा कुठलाच व्यायाम झाला नाही. तेच दोन महिने कामाचे होते. मला अजून त्या पुलीचा राग येतो, दाराला तिचे खिळे आहेत तसेच.

नाना_त्रिमूर्तीनगर | 11 जुलै, दुपारी 12:40

सर्वांचे विचार उत्तम. तथापि श्रद्धेलाही स्थान असावे. राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटी धाम आहे, लकव्याचे रुग्ण सात दिवस राहून परिक्रमा करतात. आमच्या लाईनमधले एक गृहस्थ जाऊन आले, फरक आहे म्हणतात. एकदा नेऊन आणावे.

शंकेखोर | 11 जुलै, दुपारी 12:52

नाना, सात दिवस सकाळ-संध्याकाळ पेशंटला धरून धरून परिक्रमा घालायला लावली तर फरक पडेलच की, तो चालण्याचा सरावच झाला :)

फिजिओताई | 11 जुलै, दुपारी 3:30

शंकेखोर चेष्टेत म्हणाले, पण ते चुकीचं नाही. नाना, जावं जायचं तर, बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी बरोबर न्यावी, एकही चुकवू नये. मात्र आत्ता दीड महिन्यावर एवढा प्रवास मी तरी नाही करणार. पहिले तीन महिने सोन्यासारखे असतात. सहा महिन्यांनंतर दार बंद होतं असं नाही, पण उतार संपून चढ लागतो.

मानेवाडा_बेसा | 13 जुलै, रात्री 11:05

आज सुट्टी होती म्हणून फिजिओ मुलाशी बसून बोललो. धाग्याचं सांगितलं नाही, नुसतं म्हटलं बाबांकडून करून घेता येईल का. तो बिचारा एकदम मोकळा झाला. म्हणाला दादा, मला तेच करायचं असतं, पण चार घरी असं करून बघितलं, पेशंटला घाम आला, दमला, रडला की घरचे म्हणतात आम्ही पैसे देतो आणि तुम्ही त्यांनाच राबवता, दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. म्हणून मी गुपचूप हलवून जातो. सगळे खूष असतात.

मला आठवलं, दुसऱ्याच दिवशी बाबांना उभं करताना ते विव्हळले तेव्हा आईनं त्याला काय काय सुनावलं होतं. मीही काही बोललो नव्हतो.

ठरलं असं की तो आता आठवड्यातून तीनदा येणार, बाबांकडून करून घेणार आणि मला-बायकोला शिकवणार, बाकी आम्ही. एक विचारायचं राहिलं. दवाखान्यात पहिल्या दिवसापासून व्यायाम सुरू केला असता तर? तिथे दोन दिवस नुसते झोपवून ठेवले होते.

शंकेखोर | 14 जुलै, सकाळी 7:50

ह्याचं ओझं तरी डोक्यावरून उतरवा. ॲव्हर्ट नावाची मोठी ट्रायल आहे, 2015, 2104 पेशंट. 24 तासांच्या आत सुरू करून वारंवार उठवलं-चालवलं तर तीन महिन्यांनी निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट निघाला, चांगला नाही. पहिल्या दिवशी घाई न करणं बरोबरच होतं.

सक्करदरा_एक्सप्रेस | 14 जुलै, सकाळी 8:20

हे शंकेखोर भाऊ रात्री झोपते का पेपर वाचते?

पण पोरगं मस्त हाये. आपण लोक असेच आहो बे, दुखलं की डॉक्टर खराब. मामाचा मालिशवालाबी मामाले उभं करून घरभर फिरवे, ते मी सांगाचं विसरलो होतो. तेल तेल करत राहिलो.

मानेवाडा_बेसा | 2 ऑगस्ट, सकाळी 9:14

चमत्कार!!! आत्ता बाबांनी जांभई दिली आणि डावा हात कोपरातून वाकून आपोआप छातीपर्यंत वर आला! आम्ही तिघांनी बघितला. आईनं देवापुढे साखर ठेवली, आत्याला फोन गेला, मी ऑफिसला उशिरा जातोय. ताई हे ताकद येण्याचं लक्षण ना?

फिजिओताई | 2 ऑगस्ट, दुपारी 1:40

काय लिहू कळत नाहीये. साखर ठेवली ते राहू द्या, काढू नका.

जांभईबरोबर लकव्याचा हात वर येणं हे माहीत असलेलं आहे. जांभई मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येते, तो भाग शाबूत आहे, त्याचा धक्का हाताला बसतो. जांभई संपली की हात पडतो. बाबांनी ठरवून केलेलं नाही, म्हणून ताकदीत मोजायचं नाही. पाऊल जमिनीवर टेकताना थडथड उडतं तेही ताकदीत नाही. स्नायू आणि खालची वायरिंग चालू आहे एवढं मात्र ह्यातून दिसलं, ते वाईट नाही.

मोजायचं कसं सांगते म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच ठरवाल. आम्ही 0 ते 5 मार्क देतो. 0 म्हणजे काही नाही. 1 म्हणजे हालचाल नाही पण स्नायूवर बोट ठेवलं की त्यांनी प्रयत्न केल्यावर खाली फुरफुर लागते. 2 म्हणजे वजन काढून घेतलं तर हलतं, त्या काकांचं टेबलावर पावडरवालं. 3 म्हणजे हवेत स्वतःच्या वजनाविरुद्ध उचललं. 4 ला आपण अडवलं तरी थोडं रेटतात, 5 म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं. 1 आणि 2 च्या मधलं अंतर घरच्यांना दिसत नाही आणि तिथेच लोक व्यायाम सोडतात. रोज "उचला" म्हणा आणि दंडावर दोन बोटं ठेवून बघा.

डाव्या_हातानं | 2 ऑगस्ट, संध्याकाळी 6:02

माझ पण जांभई ला व्हायचं. बायको ने पेढे वाटले होते. अर्धा किलो.

मानेवाडा_बेसा | 19 ऑगस्ट, रात्री 10:31

फुरफुर लागली. दंडाच्या पुढच्या बाजूला. आधी वाटलं माझंच बोट थरथरतंय. मग बायकोला न सांगता ठेवायला लावलं, ती म्हणाली काहीतरी होतंय.

देवापुढे काही ठेवलं नाही. आईला सांगितलंही नाही अजून.

दुसरं म्हणजे बाबा रडतात. कारण नसताना. व्यायाम नको म्हणतात, "आता कशाला." काय करावं?

फिजिओताई | 20 ऑगस्ट, सकाळी 7:15

फुरफुरीसाठी माझ्याकडून एक पेढा. आता टेबल काढा, पावडर नाहीतर उशीचा गुळगुळीत अभ्रा हाताखाली, आणि सरकवायला लावा. थोडं थोडं पण पुष्कळ वेळा. अमेरिका-कॅनडातल्या फिजिओ सेशनची मोजदाद 2009 मध्ये छापून आली होती, तिथे कामाची म्हणावी अशी हाताची हालचाल एका वेळेला सरासरी 32 च भरली. म्हणजे तिकडेही कमीच पडते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलायला शेकड्यांनी लागतात. घरच्यांचा उपयोग ह्यातच, आम्ही 32 करून निघून जातो.

रडण्याचं मनावर घ्या, म्हणजे न्यूरोच्या डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, "वय झालं, असंच असतं" म्हणून सोडू नका. गोळ्या आहेत.

डाव्या_हातानं | 20 ऑगस्ट, दुपारी 4:44

मला गोळी दिली होती. लाज वाटली होती घ्यायला. घेतली. काकांना म्हणा एका पोस्टमन ने सांगितलय.

विदर्भकन्या | 21 ऑगस्ट, सकाळी 11:00

आरसा लावून बघितला का कोणी? आईला त्यात रस वाटायचा. टेबलावर मधोमध आरसा उभा, चांगला हात आरशासमोर, आजारी मागे लपलेला. चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं, मेंदूला वाटतं तोच हलतोय. पहिल्या दिवशी आई घाबरलीच होती, अगं हा कुणाचा हात.

फिजिओताई | 21 ऑगस्ट, दुपारी 2:10

हो, लिहिणारच होते, बरा पुरावा आहे त्याला. मानेवाडा, बाबांना डावीकडे बघायची सवय लागायलाही उपयोगी पडेल. दिवाणावरून उठ-बसही चालू ठेवा, पाय पक्का झाला की माणूस संडासला स्वतः जातो आणि मग मूडच बदलतो, गोळीच्या बरोबरीनं. श्वास रोखून जोर लावू देऊ नका, मोठ्यानं आकडे मोजायला लावा.

सक्करदरा_एक्सप्रेस | 9 ऑक्टोबर, रात्री 9:55

भाऊ कुठी गायब झाला? दीड महिना झाला. काकाजी कसे आहेत?

मानेवाडा_बेसा | 16 नोव्हेंबर, रात्री 10:48

माफ करा मंडळी, कंपनीत शटडाऊन होतं, मग दिवाळी, मग पोरगी आजारी.

हिशोब देतो. उठ-बस दिवसाला 40 पर्यंत गेलीय, दहा-दहाच्या खेपेत, आकडे पोरगी मोजते आणि मुद्दाम 7 नंतर परत 6 म्हणते. चार पायांची काठी घेऊन, पायात स्प्लिंट घालून खोलीतून अंगणापर्यंत जातात, वळताना अजून धरावं लागतं. खांदा उडवता येतो. कोपर टेबलावर पूर्ण वाकतो, हवेत अर्धा. ताईंच्या मार्कांनी 2 ला पक्के पास, 3 ला नापास. गोळी सुरू आहे, रडणं कमी झालंय, ओरडणं परत आलंय, आई म्हणते हेच बरं. फिजिओ मुलगा आता आठवड्यातून एकदाच येतो, त्यानं स्वतःच कमी केलं.

आणि परवा कळमन्याहून संत्र्यांची पेटी आणली होती. बाबा नेहमी संत्र सोलून नातीला देतात, मे पासून ते बंद होतं कारण एका हातानं संत्र सोलता येत नाही, फिरत राहतं. मी सहज त्यांच्या डाव्या हातात संत्र ठेवलं, म्हटलं धरून ठेवा. धरलं! उजव्या हातानं सोललं, वेळ लागला, साल इंच इंच निघाली, पण सगळं संत्र सोललं. मग पोरगी म्हणाली आबा द्या. आणि देता येईना. मूठ बंद झाली ती उघडेचना. बाबा म्हणतात सोड, हात म्हणतो नाही सोडत. रस बाहीत गेला.

फिजिओताई | 16 नोव्हेंबर, रात्री 11:02

धरणं आधी येतं, सोडणं नंतर. मी तुम्हाला जुलैत मनगटाचं काय सांगितलं होतं?

मानेवाडा_बेसा | 16 नोव्हेंबर, रात्री 11:09

मनगट खाली, आधी अंगठा. आठवलं, पण उशिरा, तोवर संत्र्याचा लगदा झाला होता. पोरीनं तो पण खाल्ला.

दुसऱ्या संत्र्याला जमलं, मनगट मी धरलं होतं, बोटं त्यांनी सोडली की सैल पडली हे सांगता येत नाही. शंकेखोर विचारायच्या आत लिहून टाकतो.

चटणीचं राहिलंच. आज दुपारी ताटात डावीकडे, लिंबाच्याही पलीकडे, आईनं स्वतःसाठी ठेचा काढून ठेवला होता. बाबांनी तो कुणी न सांगता शोधला आणि संपवला. बीपीमुळे त्यांना ठेचा बंद आहे. आई माझ्यावर चिडलीय की आता तुम्हीच त्यांना डावीकडे बघायला शिकवलंत तर मी ठेचा ठेवू कुठे.